खिडकीतल्या पेटीचं पाणी

१६ मे १९८४, बुधवार

एसी पुन्हा गुरगुरायला लागला. सकाळी ह्यांच्या उशाशी भिंतीवरून पाण्याचा ओघळ, चादरीचा कोपरा ओला. दुपारपर्यंत खोलीला न वाळलेल्या कपड्यांचा वास. वळीव नुसता गडगडून जातो आणि हवा अशी की पदर अंगाला चिकटतो. मला निदान घाम तरी येतो. हे शेडवरून पडले त्या दिवसापासून ह्यांना छातीच्या खाली हालचाल नाही, घामही नाही, अंग नुसतं तापत जातं. त्यात पाठीची जखम. डॉ. नी बजावलंय, खोली गार पाहिजे आणि कोरडी पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात जखम हाडापर्यंत जाईल, मग मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. मिरजेला नेऊन पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

शाळा ११ जूनला उघडते. मी वर्गात गेले की हे दुपारभर एकटे. त्याच्या आत एसी नीट झालाच पाहिजे.

१७ मे

वसंतभावजी कामावर जाण्याआधी येऊन गेले. दादाची कूस बदलून दिली, चहा घेतला. एसीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, मिस्त्री बघा एखादा.

नवल ह्यांचं वाटतं. फौंड्रीत फोरमन होते तेव्हा घरातल्या पंख्याचा आवाज बदलला तरी जेवण टाकून उठायचे. आता डोक्याशी एसी रडतोय आणि हे आढ्याकडे बघत पडलेत. विचारलं, काय बिघडलं असेल? म्हणाले, "जुनं मशीन हाय. चालायचंच." फौंड्रीतल्या लोकांनी आपसात वर्गणी काढून कुठल्याशा बंद पडलेल्या हापिसातला हा एसी घेतला, टेंपोतून आणून स्वतः खिडकीत बसवला. तेव्हा हेच पडल्या पडल्या हुकूम सोडत होते, डावी बाजू उचला, मागं उतार द्या.

एक बरं. बाहेर खाली मामींच्या, म्हणजे घरमालकीणबाईंच्या, तुळशीवर जे पाणी टपकायचं ते बंद झालंय. त्यांची तेवढी कटकट गेली.

१९ मे, शनि.

रज्जाकभाई मिस्त्री आले एकदाचे. लक्ष्मीपुरीत त्यांच्या दुकानाचे उंबरे झिजवले तेव्हा. आधी ह्यांच्याशी गप्पा, फोरमनसाहेब कसं काय. मग चहा. मग एसीवर एक थाप मारली आणि निदान केलं, "ग्यास गेलाय, बाई." हात लावण्याआधीच ग्यास. पुढची जाळी काढली, पत्रा सोडला, सगळे स्क्रू माझ्या आमटीच्या वाटीत टाकले आणि पिशवी उचलून म्हणाले, आलोच, बर्फाच्या कारखान्यात जरा जाऊन येतो.

आले नाहीत.

२१ मे, सोम.

काल रविवार, म्हणून नाही. आज सोमवार, बाजार बंद, म्हणून नाही. एसी पोट फाडल्यासारखा खिडकीत. टेबलफॅन लावलाय, तो गरम वारा इकडून तिकडे करतो. ह्यांचं अंग दुपारी तापलं. ओल्या पंचानं पुसलं. मग पाठ ओली राहू नये म्हणून परत कोरड्यानं पुसलं. एका हातानं भिजवायचं, दुसऱ्या हातानं वाळवायचं, हा धंदा.

२३ मे

डॉ. ड्रेसिंगला आले. जखम: कडा पांढुरक्या, पाणी सुटतंय. तोंड वाकडं केलं. एसीचं विचारलं, मी वाटी दाखवली. हसायलाच लागले. इंजेक्शनं ठेवायचा त्यांचा फ्रीजही रज्जाकनंच उघडून ठेवलाय म्हणे. म्हणाले, ही त्याची रीत आहे. गावभर मशीनं उघडून ठेवायची. उघडलेल्या मशीनला दुसरा मिस्त्री हात लावत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कुठं जात नाही. मग सवडीनं एकेक मिटवत फिरायचं.

मला हसू आलं नाही.

२४ मे

डॉ. चं म्हणणं खरं निघालं. शाहूपुरीतला दुसरा मिस्त्री बोलावला. तो चप्पल काढून आत आला, वाटीतले स्क्रू बघितले, कुणी उघडलंय विचारलं. रज्जाकचं नाव ऐकलं आणि परत चप्पल घातली. "न्हाय जमायचं, ताई. उद्या त्यो माझ्या उघडलेल्याला हात लावंल." मी म्हटलं, माणूस आजारी आहे हो. म्हणाला, दिसतंय की. वाईट वाटतंय. आणि गेला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, धंद्याची रीत हाय, त्याचं काय चुकलं? ह्यांना कुणाचंच काही चुकलेलं दिसत नाही हल्ली.

२८ मे, सोम.

रज्जाकभाई कोडोलीला. मेव्हणीचं लग्न.

२९ मे

आज माझं डोकं फिरलं. स्क्रूची वाटी पदराखाली घेऊन लक्ष्मीपुरीत गेले आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. काही बोलले नाही. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, बाई काय बिघडलंय? मी वाटी दाखवायची. गिऱ्हाईक गालात हसून जायचं. शेवटी रज्जाकभाई कानकोंडे होऊन म्हणाले, "बाई, उठा आता. उद्या सकाळी येतो. आईची आण."

३० मे, बुध.

आले नाहीत. मी पुन्हा दुकानात. म्हणे आज अमावास्या. मी म्हटलं, रज्जाकभाई, तुम्ही कधीपासून अमावास्या पाळायला लागलात? म्हणाले, "मी न्हाय पाळत. गिऱ्हाईक पाळतंय. आमुशाला दुरुस्त केलं आन पुन्यांदा बिघडलं, तर नाव आमुशाचं न्हाय हुईत, माझं हुतंय." हात टेकले.

२ जून, शनि.

आज आले. रोजे सुरू झालेत, तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी सकाळपासून एसी उघडून बसले होते. भावजींच्या मदतीनं तो आख्खा खिडकीतून काढून स्टुलांवर ठेवला, नळीचा जोड डागला, ग्यास भरला, पुन्हा चढवला. राग धरवेना. चहा घ्या म्हणवत नव्हतं आणि नुसतं बसून बघवतही नव्हतं.

भावजी एसी उचलताना फार चुळबुळत होते. सारखं दादाकडे बघत होते. मला वाटलं, उचलायला जड जातंय.

चालू केल्यावर गार वारा. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला, गार. बरं वाटलं. संध्याकाळी शिरा केला.

५ जून

पाणी आलं! तसंच, भिंतीवरून, आणि पहिल्यापेक्षा जास्त. गादीची कड भिजली. जखमेखालचं फडकं दमट. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

र. ना दुकानातून ओढून आणलं. एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, तिरकं बसलंय. पुढून लाकडाची पाचर ठोकली. ह्यांनी पडल्या पडल्या सगळं ऐकलं. रज्जाकभाईंनी विचारलंही, "फोरमनसाहेब, तुमाला काय वाटतंय?" हे म्हणाले, "तुमी मिस्त्री, तुमी बघा."

जन्मभर दुसऱ्याच्या मशीनमध्ये नाक खुपसणारा माणूस.

८ जून

पाचरीनं काहीही झालं नाही. गार होतं, पण ओलं. आता बाहेर पाऊस, आत पाऊस. भिंतीला बुरशी धरली. डॉ. म्हणाले, ही खोली आहे की तळघर? ह्यापेक्षा बंद ठेवा. बंद ठेवला की ताप. चालू ठेवला की ओल. काय करू सांगा म्हटलं.

जखम: वाढली. आज पहिल्यांदा वास आला. ह्यांना वास आला की नाही कळलं नाही. मी उदबत्ती लावली तेव्हा माझ्याकडे बघितलं. म्हणजे आला.

१० जून, रवि.

र. नी एसी परत खाली उतरवला. दोन स्टुलांवर, खोलीच्या मधोमध. वाळू दे म्हणाले, पावसानं सगळं भिजलंय, वाळल्यावर बघू. खिडकीत पोतं आणि फळी. उद्यापासून शाळा.

११ जून, सोम.

शाळेत लक्ष नव्हतं. चौथीच्या पोरींना रागावले, त्यांचा काही दोष नव्हता. घरी आले तर हे तापलेले, डोळे लाल. भावजी दुपारपर्यंत होते, मग पाळीवर गेले. म्हटलं हाक तरी मारायची मामींना. म्हणाले, "कुणाला हाक मारायची न्हाय."

१३ जून, बुध.

वटपौर्णिमा. मामींनी खालून हाक मारली, चल वडाला. ह्यांना एकटं टाकून निघवेना. पण मामी म्हणाल्या, नवऱ्यासाठीच की गं, तर गेले. दोरा गुंडाळताना मनात काय मागितलं, तर रज्जाकभाई वेळेवर येऊ देत. सात जन्मांचं नंतर बघू.

१५ जून, शुक्र.

नीट लिहिते.

शाळेतून आल्यावर स्टुलावरच्या एसीचा गंज पुसत होते. र. कधी येतील ते येतील, निदान स्वच्छ तरी करावा. मागच्या बाजूला खाली पाणी बाहेर पडायचं भोक असतं, बोटभर. फडकं घेऊन बोट घातलं तर जाईना. हेअरपिन घालून ओढलं. मेणात भिजवलेली चिंधी निघाली, घट्ट ठोकून बसवलेली. तिच्यामागून गंजाचं लाल पाणी आलं.

चिंधी निळ्या चौकड्यांची. ह्यांची लुंगी. फाटली तेव्हा मीच तिचे तुकडे करून ड्रेसिंगच्या डब्यात ठेवले होते.

हे जागे होते. तोंड भिंतीकडे. मी चिंधी पदरात बांधली. कूस बदलायची वेळ झाली होती, बदलली.

हे कुणी केलं असेल ते कळतंय. ह्या घरात भावजींशिवाय दुसरं कोण येतं? आपल्याच भावाच्या उशाशी!

१६ जून, शनि.

भावजींना जिन्यातच गाठलं. चिंधी समोर धरली. वाटलं होतं नाही म्हणतील, मग मी वाट्टेल ते बोलणार होते, काल रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. ते पायरीवर बसलेच. म्हणाले, "वैनी, मी लावली. पर दादानं सांगितलं म्हणून. मेण कसं वितळवायचं, कुठवर ठोकायची, सगळं त्येनंच सांगितलं. तुमाला सांगायचं न्हाय म्हणून गळ्याची शपत घातली."

कधी, विचारलं. पाडव्याच्या नंतर, म्हणाले.

पाडवा. मग सगळं आठवलं. पाडव्याला मामी खाली नळावर होत्या आणि मला थांबवून म्हणाल्या होत्या, "वरच्या पेटीचं पाणी माझ्या तुळशीवर पडतंय. आजारी माणसाच्या खोलीतली हवा ती, तिचंच पाणी. आमी रोज तिथं हात जोडतोय, जरा बघ की." मी बघते म्हणाले आणि वर आले. ह्यांना एक अक्षर सांगितलं नाही. पण तुळशीवृंदावन खिडकीच्या बरोबर खाली. मामींचा आवाज खणखणीत. आणि हे तर खिडकीशीच असतात, दुसरं कुठं जाणार?

नंतर पाणी थांबलं तेव्हा मामी म्हणाल्या, बरं झालं बाई. मी पण म्हटलं, बरं झालं.

१७ जून, रवि.

आज विचारलं. ड्रेसिंग करताना विचारलं, म्हणजे त्यांचं तोंड पलीकडे आणि माझं पाठीकडे.

म्हटलं, पाणी आत तुंबणार, मशीन गंजणार, खोली ओली होणार, हे तुम्हाला माहीत होतं?

"व्हय."

आणि जखम?

म्हणाले, "माझं सगळं तू काढतीस. ते घरात हाय, घरातल्या घरात. पर पेटीचंबी पाणी लोकांच्या तुळशीवर, आन त्येंनी नाक मुरडायचं. ते नको."

मला इतका राग आला की ड्रेसिंग अर्धं टाकून मोरीत गेले आणि भांडी आपटली. मामींचा राग आला, पण त्यापेक्षा ह्यांचा. महिनाभर मी रज्जाकभाईंच्या दारात वाटी घेऊन बसले, लोक हसले, आणि ह्यांना सगळं ठाऊक. कुणीतरी मेणाची चिंधी काढेल म्हणून एक शब्द काढला नाही. लाज त्या माणसांची वाटते, माझी नाही वाटत? मी रोज जखमेत बघते, त्याचं काहीच नाही?

परत येऊन पट्टी पुरी केली. म्हटलं, चिंधी मी परत घालणार नाही. म्हणाले, तुझी मर्जी. जेवले नाहीत.

१९ जून, मंगळ.

र. आले. चिंधी दाखवली, भोकात होती एवढंच सांगितलं. मान हलवून म्हणाले, "मी म्हटलंच हुतं बाई, पाणी कुठंतरी अडकलंय." धडधडीत! ग्यास म्हणाले होते, तिरकं म्हणाले होते. पण भांडायला अंगात जोर नव्हता. एसी बसवला, पाचर काढली, मागे उतार दिला. पाणी लांब गटारात न्यायला रबरी नळी लावू म्हणाले. नळी आणलीय? "उद्या आणतो की."

एसी चालू. भिंत कोरडी. बाहेर टप टप, वृंदावनाच्या कठड्यावर.

हे म्हणाले, बंद कर. मी म्हटलं, नाही करणार. पहिल्यांदाच असं बोलले बहुतेक.

मग आंघोळीचं पितळी घंगाळ खाली नेलं आणि धार पडते तिथं कठड्यावर ठेवलं. मामी दारात उभ्या. त्यांना सरळ सांगितलं, मामी, नळी येईपर्यंत हे इथं राहील. पाणी हवेतलं आहे. त्यांच्या अंगातलं नाही. आणि तुम्ही जे नळावर बोललात ते वर ऐकू गेलं होतं, ह्यांनी भावाकडून भोक बंद करून घेतलं, त्यात पाठ सडली. आवाज चढला माझा. मामींनी तोंडाला पदर लावला. आत गेल्या. घर सोडा म्हणतील का? म्हणू देत. पाऊस पडतोय, ह्यांना घेऊन कुठं जाणार ते मात्र माहीत नाही.

२१ जून

नळी नाही. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर घंगाळ रिकामं करते. हे बोलत नाहीत. कूस बदलताना अंग लाकडासारखं धरतात, म्हणजे जेवढं धरता येतं तेवढं.

ताप नाही. हे लिहायला हवं. ताप आलेला नाही.

२३ जून, शनि.

डॉ. आले. जखम: वास कमी, कडा कोरड्या. पण आत खोल आहे अजून. पुढच्या शनिवारी ठरवू म्हणाले, मिरज की इथंच. भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, हं.

नळी: रज्जाकभाई म्हणतात, ईद झाली की पयलं काम तुमचं.

२४ जून, रवि.

सकाळी पोळ्या लाटत होते. बाहेर पाऊस थांबलेला, फक्त एसीचं पाणी घंगाळात पडत होतं. रिकामं असताना वाजतं, भरत आलं की आवाज बसका होतो. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खोलीतून हे म्हणाले, "घंगाळ भरलं असंल. बघ की."

पाच दिवसांत आपणहून काढलेला पहिला शब्द. मी हात तसेच पिठाचे घेऊन खाली गेले.

घंगाळ कठड्यावर नव्हतं. नळाशी पालथं घातलेलं होतं. त्याच्या जागी मामींची प्लॅस्टिकची बादली, धार तिच्यात पडत होती, आणि घंगाळ घासलेलं. मामींचं दार लावलेलं. चिंचेनं घासलंय, पिवळंधमक. मायेनं घासलं की बाटलं म्हणून, ते मला कळलं नाही. दार वाजवावं असं वाटलं आणि वाजवलं नाही. बादलीला हात न लावता घंगाळ घेऊन वर आले.

ह्यांनी विचारलं, "भरलं हुतं?"

म्हटलं, हो, भरलं होतं. ओतलं मी.

"गटारात न्हवं?"

गटारात, म्हटलं. हे डोळे मिटून परत ऐकायला लागले. आता आवाज प्लॅस्टिकचा होता, वेगळा. ह्यांना तो कळला नसेल असं होणार नाही.